आवडत्या पदार्थाचा त्याग आणि शरीराचे वजन

वजनकाट्यावरून खाली उतरताना माणूस बहुधा मनाशी एक संकल्प करतो. कोलकात्याचा गृहस्थ संदेश आणि मिष्टी दोई सोडण्याचे ठरवतो, अमृतसरचा पराठ्यावरचे लोणी सोडतो, हैदराबादचा बिर्याणीचा निरोप घेतो, तर तंजावरचा दुपारचा भात बंद करतो. पदार्थ निराळे असले तरी संकल्पाची भाषा सगळीकडे एकच असते: ‘आजपासून हे बंद.’ काही आठवडे तो संकल्प मोठ्या निष्ठेने पाळला जातो. मग एखादे लग्न, एखादा सण किंवा एखादी उदास संध्याकाळ येते आणि संकल्प मोडतो. पदार्थ परत ताटात येतो, वजनही परत येते आणि त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे आपल्याला मनोनिग्रह नाही, ही अपराधाची भावना.

हा प्रश्न आता थोड्या सुखवस्तू माणसांपुरता उरलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक स्थूल होते आणि ३९.५ टक्के लोकांच्या पोटाभोवती प्रमाणाबाहेर मेद साठलेला होता. मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के इतके आढळले. भारतीयांच्या बाबतीत तर वजन बेताचे असले तरी निश्चिंत राहता येत नाही. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे. तेव्हा वजन आटोक्यात ठेवण्याची गरज खरीच आहे. प्रश्न एवढाच की, त्यासाठी आवडता पदार्थ सोडणे हा उपाय कितपत कामाचा आहे?

त्यागाची जुनी रीत

आवडीचा पदार्थ सोडणे ही कल्पना भारतीय मनाला मुळीच नवी नाही. काशीची किंवा गयेची यात्रा करून आलेली माणसे एखादे आवडते फळ किंवा भाजी जन्मभरासाठी वर्ज्य करीत. महाराष्ट्रातील अनेक घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे यांना स्वयंपाकघरात प्रवेश नसतो. उत्तरेत नवरात्रात धान्य वर्ज्य होते. केरळातील सुरियानी ख्रिस्ती ईस्टरपूर्वीच्या पन्नास दिवसांच्या उपवासकाळात मांस, मासे, अंडी आणि दूध यांपासून दूर राहतात.

या सर्व व्रतांचा हेतू पुण्याचा, भक्तीचा किंवा आत्मसंयमनाचा होता; वजनाचा नव्हता. तरीही त्यांच्या रचनेकडे नीट पाहिले, तर ती का पाळली जात हे ध्यानात येते. एक म्हणजे, बहुतेक व्रतांना ठरलेली मुदत असे आणि ती संपण्याचा दिवस सर्वांना ठाऊक असे. दुसरे असे की, व्रत एकट्याचे नसे. सारे घर, पुष्कळदा सारा गाव ते पाळीत असे आणि त्यामुळे मोहाची वस्तू डोळ्यांसमोर येतच नसे. यात्रेनंतरचा त्याग जन्माचा असला, तरी तो एखाद्याच फळाचा किंवा भाजीचा असे आणि त्याचे कारण घरातील सर्वांना मान्य असे. वजनासाठी केलेला संकल्प याच्या अगदी उलट असतो. त्याला मुदत नसते, संगत नसते आणि समोर बसलेली घरची माणसे तोच पदार्थ चवीने खात असतात.

व्रतांमधील एक पळवाटही लोकांच्या नजरेतून सुटलेली नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण तिच्यावरच बोट ठेवते. भात-पोळी वर्ज्य केली, पण तिच्या जागी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि शेंगदाण्याचे लाडू आले, तर पोटात गेलेल्या अन्नाचे मूल्य घटण्याऐवजी वाढते. वजनासाठी केलेल्या त्यागाचेही बहुधा असेच होते. मिठाई बंद होते आणि तिची उणीव फरसाण भरून काढते.

शवपेट्या बनविणाऱ्याचा धडा

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ राहत होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे आणि शवपेट्या पुरविणे हा त्यांच्या घराण्याचा प्रतिष्ठित व्यवसाय होता. राजघराण्यातील अंत्यसंस्कारांची कामेही या घराण्याकडे असत. १८६२ साली बँटिंग यांचे वय ६६ च्या आसपास होते, उंची साडेपाच फुटांहून किंचित कमी होती आणि वजन होते २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधणे त्यांना अशक्य झाले होते. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उतरताना ते पाठमोरे उतरत. त्यांनी व्यायाम केला, पहाटे उठून नाव वल्हविली. पण त्यामुळे भूक वाढली आणि भुकेबरोबर वजनही वाढले. तुर्की स्नानांचाही विशेष उपयोग झाला नाही.

पुढे ऐकू कमी येऊ लागल्याने ते विल्यम हार्वे या कानाच्या शल्यचिकित्सकाकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची यकृत आणि मधुमेह यांविषयीची व्याख्याने ऐकलेली होती. त्यांनी बँटिंग यांचा आहार बदलला. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे पदार्थ त्यांनी बंद किंवा जवळजवळ बंद केले. मांस, मासे, भाज्या, थोडी फळे आणि काही प्रकारचे मद्य यांना मात्र मुभा दिली. सुमारे एका वर्षात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे साधारण २१ किलोंनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेच्या रूपाने स्वखर्चाने छापला आणि तिच्या पहिल्या आवृत्त्या मोफत वाटल्या. पुस्तिका इतकी गाजली की, ‘बँटिंग’ हे आडनाव इंग्रजीत वजन घटविण्याचे क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद त्याच अर्थाने आजही रूढ आहे. बँटिंग १८७८ पर्यंत जगले.

बँटिंग यांच्या अनुभवातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. त्यांनी जे पदार्थ सोडले, त्यांत सणासुदीचे पक्वान्न एकही नव्हते. ते सगळे न्याहारीपासून रात्रीपर्यंत टेबलावर असणारे, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे, रोजचे पदार्थ होते. बँटिंग यांनी स्वतःच हे एका दृष्टांताने सांगितले आहे. घोड्याचे नित्याचे खाणे गवत आणि धान्य. वालासारखे कडधान्य त्याला जसे बाधते, तसे तारुण्यात हितकर असलेले काही नेहमीचे पदार्थ माणसाला उतारवयात बाधतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते शत्रू मेजवानीत लपलेला नव्हता. तो रोजच्या जेवणात होता.

आवडीचे आणि सवयीचे

या ठिकाणी दोन गोष्टींत भेद करावयास हवा. आवडीचा पदार्थ निराळा आणि सवयीचा पदार्थ निराळा. आवडीचा पदार्थ आपण लक्ष देऊन खातो. त्याची आठवण राहते. म्हणून दोषही त्याच्याच माथी येतो. सवयीच्या पदार्थाकडे आपले लक्षही जात नाही. तो खाल्ला की नाही, हे संध्याकाळी विचारले तर सांगता येत नाही.

अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम साखरेतून ४ आणि एक ग्रॅम तेलातुपातून ९ उष्मांक मिळतात. समजा, एखाद्या गृहस्थाला गुलाबजाम अतिशय प्रिय आहेत आणि महिन्यातून दोनदा समारंभात तो प्रत्येकी चार गुलाबजाम खातो. एका मध्यम आकाराच्या गुलाबजामाचे सुमारे १५० उष्मांक धरले, तर महिन्याचे १,२०० होतात. हाच गृहस्थ कचेरीत आणि घरी मिळून दिवसाला पाच कप चहा घेतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. एका चमच्यात पाच ग्रॅम साखर धरली, तर दिवसाला ५० ग्रॅम साखर आणि २०० उष्मांक होतात. महिन्याचा हिशेब ६,००० वर जातो, म्हणजे गुलाबजामांच्या पाचपट. तरीही वजन वाढल्याचे दिसताच तो सोडतो ते गुलाबजाम. चहा तर त्याच्या लेखी ‘खाणे’च नव्हे.

तेलाचेही तसेच आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम तेल, म्हणजे ३०० उष्मांक पोटात जातात. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरला आणि तेल तीन किलोंवर आले, तर प्रत्येकाचे दिवसाचे ७५ उष्मांक वाचतात. जेवणाच्या चवीत पडलेला फरक पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

तात्पर्य, त्याग किती मोठा वाटला यावर वजन अवलंबून नसते. रोजच्या हिशेबातून काय वजा झाले, यावर ते अवलंबून असते. अर्थात ज्याचा आवडीचा पदार्थ हाच सवयीचाही पदार्थ आहे, जो रोज रात्री मिठाई खातो किंवा दोन्ही वेळा ताटभर भात घेतो, त्याच्या बाबतीत आवड आणि दोष एकत्र आलेले असतात. त्याला त्या पदार्थाकडेच वळावे लागेल. पण आधी हिशेब आणि मग निकाल, हाच क्रम योग्य.

कोणता पदार्थ सोडावा, याविषयी दोन पक्ष फार दिवस भांडत आले आहेत. एक पक्ष स्निग्ध पदार्थ कमी करा म्हणतो, तर दुसरा पिष्टमय पदार्थ आणि साखर. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि पिष्टमय पदार्थ कमी करणाऱ्यांचे ६.० किलोंनी उतरले. हा फरक निर्णायक मानण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना भाज्या अधिक खाण्यास आणि साखर व मैदा टाळण्यास सांगितले होते. म्हणजे अमुक एक पदार्थ सोडण्यात कोणतीही जादू नाही. ज्याला जो बदल दीर्घकाळ निभावता येईल, तोच त्याच्यासाठी चांगला.

शरीर प्रतिकार करते

गणित एवढे सरळ असते, तर वजनाचा प्रश्न कधीच सुटला असता. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. त्या हिशेबाने रोज २०० उष्मांक कमी केले, तर वर्षात नऊ किलोंहून अधिक वजन उतरावयास हवे. प्रत्यक्षात असे घडत नाही. वजन घटू लागले की, शरीराचा खर्चही घटतो. लहान झालेल्या देहाला ऊर्जा कमी लागते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, रोजच्या आहारात साधारण २४ उष्मांकांची कायमची घट केली तर वजन अखेरीस एक किलोने उतरते आणि त्यातील निम्मी उतार पहिल्या वर्षात होते. म्हणजे चहातील साखर सोडणाऱ्या आपल्या गृहस्थाचे वजन पहिल्या वर्षी चार किलोंच्या आसपास उतरेल. आणि तेही तिची जागा दुसऱ्या पदार्थाने घेतली नाही तरच.

शरीराचा दुसरा प्रतिकार भुकेच्या रूपाने होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीझ यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढण्यास तत्त्वतः नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. त्यांच्या मनांत जे बदल झाले, ते अधिक बोलके होते. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, थाळ्या चाटूनपुसून साफ करू लागले आणि तुटपुंजे जेवण तासन्‌तास पुरवून खाऊ लागले. निर्बंध उठल्यावर कित्येकांनी पोट भरल्यानंतरही खाणे थांबविले नाही. हे तरुण दुबळ्या मनाचे खचितच नव्हते. आपल्या तत्त्वांसाठी समाजाचा रोष पत्करणारी ती माणसे होती.

ही ओढ थोड्या दिवसांत ओसरते, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, कठोर आहाराने वजन उतरविल्यावर भूक वाढविणारी संप्रेरके एका वर्षानंतरही चढलेलीच राहतात. अलीकडे भूक मंदावणारी जी औषधे टोचून घेतली जातात, त्यांचा अनुभवही हेच सांगतो. औषध चालू असेतो खाण्याचा ध्यास कमी होतो आणि वजन उतरते; औषध थांबवले की उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो. तेव्हा संकल्प मोडणाऱ्याला केवळ जिभेचा गुलाम ठरविणे अन्यायाचे आहे. त्याच्या विरुद्ध त्याची जीभ एकटी उभी नसते. सारा देह उभा असतो.

चतुर्थांशाची युक्ती

मग मार्ग कोणता? याचे एक उत्तर फार जुन्या ग्रंथात सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेल्या अहितकर गोष्टी कशा सोडाव्यात याचा विचार आहे. त्या एकदम न टाकता चतुर्थांशाने कमी करीत जाव्यात, तेवढ्याच प्रमाणात हितकर गोष्टी वाढवीत जाव्यात आणि दोन पायऱ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे, असा तो क्रम आहे. क्रमाने घालविलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने जोडलेले गुण टिकतात, असा त्यामागचा विचार आहे. विशेष म्हणजे येथे चर्चा आहे ती अंगवळणी पडलेल्या गोष्टींची, म्हणजे सवयीची. त्याच ग्रंथात स्थूल माणसासाठी जड पण पोषण कमी असलेले अन्न सुचविले आहे. पोट भरावे, पण मेद वाढू नये, हा त्यातील हेतू उघड आहे. भाज्या, सालीसकट डाळी आणि कोंड्यासह धान्य यांची आजचे आहारतज्ज्ञ जी भलामण करतात, तिच्याशी हा विचार जुळणारा आहे.

हा क्रम आपल्या चहाबाज गृहस्थाला सहज लावता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, अन्नात वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम. ही मर्यादा त्याच्या पाच कपांतच संपते. त्याने कपातील साखर प्रथम दोन चमच्यांवरून दीड चमच्यावर, पंधरवड्याने एकावर आणि पुढे अर्ध्यावर आणली, तर एकाही दिवशी त्याला मोठा त्याग केल्यासारखे वाटणार नाही. जिभेलाही शिक्षण देता येते. कमी मीठ खाणाऱ्यांना काही महिन्यांनी पूर्वीचे जेवण खारट लागू लागते, असे प्रयोगांत आढळले आहे. चहा कमी गोड पिणाऱ्यालाही पूर्वीचा चहा पुढे पाकासारखा लागतो.

आणि आवडीचा पदार्थ? त्याला ताटातून हद्दपार करण्याऐवजी त्याची वेळ, प्रमाण आणि जागा ठरवून द्यावी. दुर्गापूजेला संदेश, ईदेला शीरखुर्मा, गणेशचतुर्थीला मोदक ही केवळ अन्ने नव्हेत. त्यांच्याशी माणसांचे संबंध आणि आठवणी जोडलेल्या असतात. जमाई षष्ठीच्या दिवशी बंगाली सासूने वाढलेली मिठाई जावयाने नाकारली, तर पुष्कळदा ते प्रेमच नाकारल्यासारखे होते. जो पदार्थ सणाला, चार माणसांत बसून, चवीने आणि बेताने खाल्ला जातो, त्याचा भार हिशेबात थोडा असतो. भार होतो तो रोज, एकट्याने आणि नकळत खाल्लेल्या पदार्थाचा.

घराची साथ

महात्मा गांधींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबांना रक्तस्रावाचा विकार झाला होता आणि त्यासाठी त्यांनी मीठ आणि डाळी सोडाव्यात, असा गांधीजींचा आग्रह होता. कस्तुरबा तयार होईनात. हे दोन पदार्थ सोडण्यास कोणी तुम्हाला सांगितले, तर तुम्हीही सोडणार नाही, असे त्या म्हणाल्या. गांधीजींनी तेथल्या तेथे दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. कस्तुरबांना फार वाईट वाटले. त्यांनी पतीला आपला शब्द मागे घेण्याची विनवणी केली, पण व्यर्थ. मग कस्तुरबांनीही ते पदार्थ सोडले.

या उपचाराचे वैद्यकीय मूल्य हा येथील विषय नव्हे, आणि आजाऱ्याने असे प्रयोग वैद्याच्या सल्ल्यावाचून करूही नयेत. मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर स्त्रिया आणि वाढीच्या वयातील मुले यांच्या आहारात मोठी काटछाट करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. या प्रसंगातून घेण्यासारखे आहे ते निराळेच. पथ्य सांगणे सोपे असते; पथ्यात भागीदार होणे अवघड आणि म्हणूनच परिणामकारक. मीठ आणि डाळ हे काही चैनीचे पदार्थ नव्हते. रोजच्या ताटातील ते पदार्थ होते आणि म्हणूनच ते सोडणे कस्तुरबांना इतके जड वाटले.

भारतीय घरांत स्वयंपाक सर्वांसाठी एकत्र होतो. एकाच्या ताटातील तेल कमी करावयाचे, तर कढईतील तेल कमी करावे लागते. एकाची साखर कमी करावयाची, तर चहाच्या पातेल्यातील साखर कमी करावी लागते. एकट्याने व्रत धरावे आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे बसून जेवावे, अशी रचना आपल्या पूर्वजांनीही केली नव्हती. वजनकाट्यावरून उतरताना पहिला प्रश्न ‘मी काय सोडू?’ हा नसावा. ‘आमच्या घरात रोज नकळत काय जास्त होते?’ हा असावा. त्याचे उत्तर सापडले, तर पुष्कळांच्या ताटात त्यांचा आवडता पदार्थ सणाच्या दिवशी निर्धास्तपणे राहू शकेल.